कोष्टकांतील अकरावी ओळ

ज्या घरांत चार पिढ्या गांवचें पटवारीपण नांदलें, त्या घरांतील मुलास रकान्यांचा लळा असावयाचाच. अर्धापुरास आमच्या वाड्यांत, माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलींत, तांबड्या रुमालांत बांधलेल्या वह्या आम्हीं लहानपणापासून पाहिल्या आहेत. निजामी अमदानींत गांवचें दप्तर आमच्या आजोबांकडे होतें. कागदास उभ्या घड्या घालून ते रकाने पाडीत. मजकूर मोडींत, वर पाठवावयाचे गोषवारे उर्दूंत, आणि साल फसली. हैदराबाद संस्थानचा जमीनमहसुलाचा कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे इ. स. १९०७ चा, त्यांतील कलमें आजोबांस तोंडपाठ होतीं असें वडील सांगत. पुढें १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान गेलें, यथाकाल पटवारीपणही गेलें, आणि घरच्या जमिनीच्या खाजगी वह्या तेवढ्या आमच्याकडे उरल्या.

सरकारी कागदांचें काय झालें तें वाचकांस ठाऊकच आहे. गांव नमुना सात आणि गांव नमुना बारा एका कागदावर आले म्हणून त्यास सातबारा म्हणूं लागले. आतां तो महाभूलेख या संकेतस्थळावर घरबसल्या पाहावयास मिळतो, आणि २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा उताराही काढतां येतो. तथापि तो तक्ता जसा कागदावर तसाच पडद्यावर. नांवें ज्या क्रमानें नोंदलीं गेलीं त्या क्रमानें मुकाट बसलेलीं असतात; त्यांना हलवितां येत नाहीं.

आमच्या पुतण्यानें केलेलें कोष्टक निराळें. हा मुलगा पुण्यास एका सॉफ्टवेअरच्या कचेरींत आहे, आणि लोकांस त्यांची माहिती रकान्यांत मांडून दाखविणें हाच त्याचा धंदा. म्हणजे पटवारीपण घरांत टिकलेंच म्हणावयाचें. त्याच्या सांगण्यावरून कळलें, कीं संकेतस्थळांच्या भाषेंत आरंभीं कोष्टकाची सोयच नव्हती. ती १९९५ च्या सुमारास आली, आणि १९९७ च्या जानेवारींत ठरलेल्या ‘एचटीएमएल ३.२’ या प्रमाणांत स्थिर झाली. त्या काळीं पुष्कळांनीं तिचा उपयोग आंकडे मांडण्याऐवजीं पानाची आरास करण्याकडेच केला. हें ऐकून आम्हांस लहानपणीं कोऱ्या वहीचीं पानें फाडून केलेल्या पतंगांची आठवण झाली. असो.

गेल्या वर्षीं जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला. कांहीं जमीन इसापूरच्या पाण्यावर केळीखालीं आहे, बाकीची कोरडवाहू. हिस्सेदार अकरा, हिस्से सारखे नाहींत, माणसें पुणें, हैदराबाद, लातूर अशीं पांगलेलीं. पुतण्यानें सगळे उतारे आणि आजोबांच्या वह्या समोर ठेवून एक पान तयार केलें, व त्याचा पत्ता सर्वांस पाठविला. रकान्याच्या मथळ्यावर बोट ठेवावें, कीं साऱ्या ओळी त्या रकान्याच्या क्रमानें लागतात. पुनः ठेवावें, कीं उलट्या होतात. वरच्या चौकटींत ‘केळी’ लिहावें, कीं केळीचीं शेतें तेवढीं राहून बाकीचीं दृष्टीआड होतात. आठ दिवस आम्हांस दुसरा उद्योग नव्हता.

या खेळांत गंमतीही पुष्कळ झाल्या. गटांच्या आंकड्यांपुढें ‘अ’, ‘ब’ हीं अक्षरें असल्यामुळें यंत्रानें त्यांस शब्दच समजून १ च्या मागोमाग १० आणि मग २ अशी रांग लावली. शेतांचीं नांवें क्रमानें लावलीं तों ‘मळ्याचें’ हें ‘मशिदीजवळचें’ याच्या आधीं येऊन बसलें. आमच्या वर्णमालेंत ‘ळ’ हा ‘ह’च्याही पलीकडे, परंतु संगणकाच्या सांकेतिक आंकड्यांत त्याला ‘ल’शेजारीं, ‘व’च्या आधीं जागा दिली आहे. भाषा मराठी आहे असें मुद्दाम बजावावें तेव्हां तो आपल्या जागीं जातो. सर्वांत कडी केली ती जन्मसालाच्या रकान्यानें. पुतण्यानें आजोबांच्या वहींतील १३५० हें फसली साल जसेंच्या तसें उतरविलें होतें. त्यांत ५९० मिळवावयाचे राहिले, आणि आमच्या आत्याबाई बहामनी अमदानींत जन्मलेल्या ठरल्या! त्या स्वतः मनापासून हंसल्या.

आत्या म्हणजे आमच्या वडिलांची सर्वांत धाकटी बहीण. लातूरला दिलेल्या, आतां वयानें पंचाऐशींच्या घरांत. भाऊ सगळे गेले, तरी भाऊबीजेस अर्धापुरास येण्याचा नेम त्यांनीं सोडलेला नाहीं. त्याच दिवशीं वाटणीचा मसुदा वाचावयाचा ठरला. ज्येष्ठ चुलतबंधूंनीं पुतण्याच्या पानावरून हिश्शांचें कोष्टक छापून घेतलें होतें. नांवें अकारविल्हे. एकेक नांव, हिस्सा, क्षेत्र असें त्यांनीं सावकाश वाचलें. सर्वांनीं ‘ठीक आहे’ म्हटलें. आम्हींही म्हटलें. आत्या खांबाशीं टेकून बसल्या होत्या; त्यांनीं वाती वळणें चालूं ठेवलें.

आम्ही पटवाऱ्याचे नातू. परंतु बेरजेचा ताळा घेतला तो आमच्या सौभाग्यवतीनें. तीस वर्षें शाळेंत गणित शिकविल्यामुळें समोर आंकडे आले कीं त्यांची बेरीज केल्यावांचून तिला राहवत नाहीं. ती म्हणाली, “वर एकूण क्षेत्र नऊ हेक्टर साठ आर लिहिलें आहे, हिश्शांची बेरीज आठ हेक्टर चाळीस आर भरते. एक हेक्टर वीस आर गेले कोठें?” म्हणजे जवळ जवळ तीन एकर. चुलतबंधू म्हणाले, पोटखराबा असेल. तेव्हां तिनें ओळी मोजल्या. त्या दहा होत्या.

आत्यांचें नांव ‘ह’नें सुरू होतें. अकारविल्ह्यांत तें सर्वांत शेवटीं जातें.

पुतण्याचा चेहरा उतरला. ज्या तयार सांच्यावर त्यानें हें कोष्टक बसविलें होतें, तो एका वेळीं दहाच ओळी दाखवितो. पुढच्या दुसऱ्या पानावर. हजारों ओळींच्या कामांत ही सोय फारच उपयोगी. नाहीं तर पान उघडावयासच वेळ लागे. तळाशीं बारीक अक्षरांत ‘११ पैकीं १ ते १०’ असें लिहिलेलेंही होतें. छापतांना तें कागदाच्या कडेबाहेर गेलें. छापणारानें पडद्यावर दिसलें तें छापलें. लबाडी कोणाचीच नव्हती. वहीचें पुढचें पान उरलें आहे हें बोटांस जाडीवरून कळतें; पडद्याला जाडी नसते.

पण एवढ्यानें आमचें समाधान होईना. आम्हीं आत्यांस विचारलें, “तुमचें नांव वाचलें गेलें नाहीं हें तुमच्या ध्यानांत आलें नाहीं का?”

“आलें कीं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलें, तुम्हीं ठरवलेंच असेल.”

कोणीच कांहीं बोललें नाहीं. १९५६ च्या वारसा कायद्यानें बापामागें मुलीस वारस मानलें आहे. महाराष्ट्रांत १९९४ सालीं व साऱ्या देशांत २००५ सालीं एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतही मुलीचा जन्मतः हक्क ठरला. हें सर्व त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकास माहीत होतें. आमच्यांत दोघे वकील आहेत. आणि तरीही बहिणीनें साडीचोळी घ्यावी, हक्कसोडपत्रावर सही करावी आणि आशीर्वाद देऊन निघावें, ही रीति आमच्या हाडीं इतकी खिळलेली, कीं दहा नांवें ऐकून आमच्यापैकीं एकासही यादी अपुरी वाटली नाहीं. यंत्राची चूक मिनिटांत सुधारली असती. आमच्या कानांना ती चूक वाटलीच नाहीं, याचें काय करावें तें आम्हांस अजून उमगलेलें नाहीं.

पुतण्यानें संगणक आणून आत्यांच्या पुढ्यांत ठेवला व म्हणाला, “आत्याआजी, येथें ‘नांव’ लिहिलें आहे ना, त्यावर बोट ठेवा.” त्यांनीं वातीचें बोट पदरास पुसून हळूच ठेवलें. ओळी उलटल्या, आणि आत्यांचें नांव सर्वांत वर आलें. त्याबरोबर ज्येष्ठ बंधूंचें, ‘अ’चें, नांव नाहींसें झालें. “अरे, माझें नांव कोठें गेलें?” म्हणत ते बसल्या जागेवरून अर्धे उठले. दुसऱ्या पानावर आहे, असें पुतण्या परोपरीनें सांगत होता. परंतु तें पान डोळ्यांनीं पाहीपर्यंत ते खालीं बसले नाहींत.

त्यानंतर पुतण्यानें साऱ्या ओळी एकाच वेळीं दिसतील अशी व्यवस्था केली. तळाशीं बेरीजही घातली. आम्हीं १३५० फसलीची वही काढली. तिच्या समासांत आजोबांनीं बारीक मोडींत कन्या झाल्याचें लिहून घटका-पळें नोंदविलीं आहेत, आणि त्याच ओळीसमोर मशिदीजवळच्या शेताचा सारा मांडला आहे. आम्हीं तें आत्यांस वाचून दाखविलें. त्यांनीं वही डोळ्यांजवळ धरली. मोडी त्यांना येत नाहीं.

“हक्कसोडाचा कागद केला असेल तर फाडून टाका,” त्या म्हणाल्या. “केळीची बाग मला नको, तिचें पाणी आणि माणसें तुम्हीं संभाळलीत. मशिदीजवळचें द्या. तेथें हरभरा असे. वडील मला खांद्यावर बसवून नेत.”

चुलतबंधूंनीं जरा घसा खाकरला, पण हरकत घेतली नाहीं. नवा मसुदा अकरा ओळींचा झाला, व सह्या झाल्या. मोजणीचा अर्ज दिला आहे. तारीख अद्याप लागावयाची आहे. आत्या दर आठवड्यास लातूरहून फोन करून ती विचारतात.