नगावर न मोजलेलं

गोडादरा, सुरत
श्रावण, बुधवार

ती. आक्कास,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘घरचं, लेकरांचं उरकून वर हे बचत गटाचं काम कशाला? लष्कराच्या भाकरी भाजून तुला मिळतं तरी काय?’ तेव्हा चटकन सांगता आलं नाही. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, आज हात मोकळा आहे, म्हणून लिहिते.

आक्का, इथे सगळं नगावर चालतं. साडीला लेस लावली की नग, टिकल्या चिकटवल्या की नग. संध्याकाळी गठ्ठा बांधताना दिवस केवढा झाला ते नगांवरूनच कळायचं.

शनिवारी दुपारी आम्ही बाया ओट्यावर बसतो. बचतीची वही माझ्याकडे. पैसे गोळा झाले की मी त्यांना गुजराती वाचायला शिकवते. लाइटबिल आलं, दवाखान्याचा कागद आला की आपल्या खान्देशी बाया दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मी सांगते, आधी अक्षरावरची रेघ पुसा. क, ख, च, ज, ब, भ, ल अशा काहींचं वळण निराळं, बाकीची बरीच अक्षरं ओळखीची निघतात. गेल्या महिन्यात शेजारच्या मावशी बसथांब्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, “थांब, मी वाचते.” आणि बसवरचं एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं, गो-डा-द-रा. वीस वर्षं त्या लोकांना विचारून बसमध्ये चढत होत्या. आठवीत माझी शाळा सुटली, ते मला किती टोचायचं तुला ठाऊक आहे. त्या दिवशी ते टोचणं थांबलं.

इलाबेन भट्ट लहानाच्या मोठ्या झाल्या त्या याच सुरतेत. 1972 साली त्यांनी अहमदाबादेत ‘सेवा’ ही बायांची संघटना उभी केली, आणि 1974 साली 4,000 कष्टकरी बायांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. हे मी ओट्यावर सांगितलं, तेव्हा एक जण नुसती म्हणाली, “दहा रुपये तर आपल्याकडेबी आहेत.” तेव्हापासून कुणाचा हप्ता चुकला नाही.

आता खरं सांगते. आषाढात मी तापाने आठ दिवस पडून होते. गठ्ठा तसाच पडलेला, आणि माल वेळेवर गेला नाही तर काम हातचं जातं. चौघींनी तो आपसात वाटून घेतला आणि तिसऱ्या दिवशी लेस लावून, धागे कापून, घडी घालून आणून ठेवला. मी विचारलं, कुणी किती नग केले? पैसे वाटून द्यायचे होते. चौघींपैकी एकीनेही आकडा सांगितला नाही.

मला काय मिळतं, ते हे.

एखाद्या शनिवारी ये ना. अमळनेरला गाडीत बस, उधन्याला उतर. बस तुला कुणाला विचारावी लागणार नाही. अक्षरांवर रेघ नसेल, तेवढं मनात ठेव.

तुझी धाकटी