लोहाराची हत्यारं कोण घडवतं?

बालमित्रांनो, एक कोडं घालतो. शेतकऱ्याचं खुरपं, सुताराचा वाकस, गवंड्याची छिन्नी, आईच्या विळीचं पातं, हे सगळं गावचा लोहार घडवायचा. मग लोहाराची हत्यारं कोण घडवत असेल? बरोबर! लोहारच!

म्हणून आमच्या घरी शिकाऊ पोराला एक नियम होता. गिऱ्हाइकाच्या विळ्या-कोयत्याला हात लावायचा नाही. आधी स्वतःची हत्यारं करायची. पहिला निखारे ओढायचा आकडा, मग छिन्नी, मग भोक पाडायचा सुंबा आणि सगळ्यात शेवटी सांडशी. सांडशी शेवटी का? तर तिचे दोन्ही पाय सारखे हवेत, तोंडं नीट जुळायला हवीत आणि मधला खिळा ना सैल, ना घट्ट. नवशिक्याची तिथे खरी परीक्षा.

माझी छिन्नी झाली ती मोडक्या पहारेच्या तुकड्यातून. पहार पोलादाची असते. पोलाद म्हणजे थोडासा कार्बन मिसळलेलं लोखंड. तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. साध्या मऊ लोखंडाला कितीही पाणी पाजा, त्याची छिन्नी काही होत नाही.

तुम्हाला वाटेल, लोहारकाम म्हणजे नुसती दंडातली ताकद. छे! ते डोळ्यांचं काम आहे. तापताना लोखंड आधी काळपट लाल दिसतं, मग केशरी, मग पिवळं. केशरी-पिवळं झालं, म्हणजे साधारण १००० अंश सेल्सिअसला आलं, की घाव घालायचा. लाली उतरली की थांबायचं आणि तुकडा पुन्हा भट्टीत. पण तो पांढरा होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागल्या, तर पोलाद जळालं समजा. "हातोड्याकडं नको, लोखंडाकडं बघ," अण्णा सारखे सांगायचे.

मी एका हाताने सांडशी धरायचो आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीने टक् करून जागा दाखवायचो. त्याच जागी घणाचा घाव पडायचा. घण कोण मारायचं ठाऊक आहे? माझी आई! पदर खोचून, एकही घाव न चुकवता.

सगळ्यात अवघड असतं पाणी देणं. छिन्नीचं टोक लालभडक तापवून फक्त इंचभर पाण्यात धरायचं. आता ते इतकं कडक होतं, की पहिल्याच ठोक्याला काचेसारखं उडेल. म्हणून लगेच दगडावर घासून टोक चकचकीत करायचं आणि बघत बसायचं. मागच्या भागातली धग हळूहळू टोकाकडे येते आणि सोबत रंग आणते. आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा रंग धारेवर पोचला रे पोचला, की अख्खी छिन्नी पाण्यात! घाई केली तर धार उडते, उशीर केला तर ती मऊ पडते.

अण्णांनी माझ्या छिन्नीने एक सळई तोडून पाहिली, धारेवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता ती आपल्या हत्यारांच्या रांगेत ठेवली. शेजारी म्हणाले, "बापानं पोराला तयार केलं." मला मात्र ते अर्धंच खरं वाटलं. घण कुणाचा होता?

"अभ्यास केला नाहीस तर भाता ओढशील," असं काही मोठी माणसं मुलांना दटावतात. त्यांना नम्रपणे सांगा, की भात्यापाशी बसणाऱ्यालाही रंग, धग आणि वेळ यांचा रोज अभ्यास करावा लागतो.

तुम्हाला हे करून बघावंसं वाटलं तर जाणत्या माणसाजवळच शिका. अंगात सुती कपडे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत कधी घालू नका, त्याचा धूर बाधतो. आणि गावात लोहाराची भट्टी अजून पेटत असेल, तर एकदा तिथे जाऊन उभे राहा. घण कोण मारतंय, तेही नीट बघा.