काठावरचे कस

सोन्याची नाणी जवळ आहेत असं शेतकऱ्यानं छापून सांगू नये, एवढं मला कळतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, ती घरात नाहीत. बँकेच्या लॉकरात आहेत आणि लॉकरची किल्ली आमच्या कारभारणीकडं असते. वर्षातून एकदा मी ती घरी आणतो, दोन दिवस डोळे भरून बघतो आणि पुन्हा नेऊन ठेवतो.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पलीकडं. आता टेंभूचं पाणी आलंय, डाळिंबं-द्राक्षं दिसतात. माझ्या लहानपणी मात्र कुसळं आणि दगडं सोडून काही दिसायचं नाही. त्यामुळं खानापूर, आटपाडी, माण, खटाव ह्या भागातली माणसं गलाईला गेली. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. देशात कुठल्याही मोठ्या गावच्या सराफकट्ट्यावर जा, मागच्या बोळात भट्टीपुढं बसलेला माणूस आमच्याकडचा निघण्याचा संभव फार. ज्या गावात हंडाभर पाण्याला दोन कोस जावं लागायचं, त्या गावची पोरं परमुलखात सोन्याचा रस मुशीत ओतत होती. माझा धाकटा भाऊ बापू त्यांतलाच. सोळाव्या वर्षी तामिळनाडूत गेला तो तिकडचाच झाला. मी दहावी झालो आणि रानात राहिलो.

आमच्या आईच्या अंगावर एकच मोठा डाग होता, एकवीस पुतळ्यांची माळ. तिच्या सासऱ्यानं घातलेली. आई गेली तेव्हा माळेत अकराच पुतळ्या उरल्या होत्या, आणि वेगळ्या फडक्यात बांधलेल्या दोन गिन्या. बाकीच्या दहांचा हिशेब आईला तोंडपाठ होता. तीन बहात्तरला गेल्या. चार आक्काच्या लग्नात. दोन विहिरीवरच्या इंजिनाला. एक बापूच्या परमुलखाच्या भाड्याला आणि वाटखर्चाला. बहात्तर म्हणजे 1972 चा दुष्काळ. आई-आबा खडी फोडायला जायचे, आम्ही मिलोच्या तांबड्या भाकरी आणि सुकडी खायचो. सोनं तेव्हा तोळ्याला दोनशे रुपयांच्या आसपास होतं. आज त्या भावाचं हसू येतं, पण तेव्हा त्या तीन पुतळ्यांवर चार जनावरं जगली.

मला नाण्यांचा नाद लागला तो ह्या माळेमुळं. आईच्या शेवटच्या पाच-सहा वर्षांत तिला फारसं उठवत नव्हतं. मी सांगलीहून एका घड्याळजीकडनं दहापट दाखवणारं भिंग आणलं आणि खिशात मावेल असा छोटा वजनकाटा आणला. सकाळी ऊन तिरकं असतं तेव्हा सोप्यात गोधडीची चौघडी घडी घालून बसायचं. गोधडी अशासाठी की पुतळीचं सोनं मऊ असतं, हातातनं फरशीवर पडली तर काठाला पोचा आलाच. नाणं चिमटीत धरायचं ते काठाला, तोंडावर बोट लावायचं नाही. उजेड वरनं नको, बाजूनं हवा. मग झिजलेली अक्षरं सावलीनं वर येतात. दुपारच्या उन्हात नुसतं चकाकतं, दिसत काही नाही.

पुतळी म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ते नाणं आपल्याकडचं नव्हेच. इटलीत व्हेनिस म्हणून शहर आहे, तिथल्या राज्याचं ते डुकाट. 1284 पासून 1797 साली ते राज्य बुडेपर्यंत त्यांनी हे नाणं पाडलं, आणि पाचशे वर्षांत वजन जवळपास तेच ठेवलं, साडेतीन ग्रॅम. आपल्या गुंजेत एकोणतीस. सोनं करता येईल तेवढं शुद्ध. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ते जहाजातनं आपल्या किनाऱ्यावर उतरायचं. एका बाजूला संत मार्क उभा आहे आणि त्याच्यापुढं तिथला राजप्रमुख गुडघे टेकून निशाणाची काठी धरतोय. दुसऱ्या बाजूला बदामाच्या आकारात चांदण्या आणि मधी येशू. माणसांची चित्रं म्हणून आपल्या बायकांनी नाव ठेवलं पुतळी. बापू सांगतो, तिकडं दक्षिणेत ह्याला शाणार कासू म्हणायचे, कारण त्यांना त्या काठीचं ताडाचं झाड दिसलं आणि धरणारा माणूस ताडी काढणारा. आमची आई म्हणायची, उभा हाय तो इठ्ठल आणि वाकलाय तो भक्त. मी भिंगातनं बघून तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, “मग मी काय येगळं म्हणलं?”

अकरांतल्या चार खऱ्या व्हेनिसच्या निघाल्या. काठीच्या कडेनं डी, व्ही, एक्स ही तीन अक्षरं एकाखाली एक असतात, ती ह्या चारांवर वाचता येतात. एकीवर मानिन हे नाव अर्धं शाबूत आहे. लुडोविको मानिन हा तिथला शेवटचा राजप्रमुख, 1789 ला गादीवर आला आणि 1797 ला नेपोलियननं त्याचं राज्य संपवलं. म्हणजे ही पुतळी पाडली तेव्हा किंवा त्याच्या आगंमागं पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते. बाकीच्या सात आपल्याच कुणा सोनारानं ठसा करून पाडलेल्या. त्यावरची अक्षरं म्हणजे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा, संताला मिशा आल्यागत दिसतं, आणि चांदण्यांचे ठिपके कुठं नऊ, कुठं तेरा. वजनही पंचवीस गुंजांच्या आसपास. मला स्वतःला ह्या सात जास्त आवडतात. ज्या माणसाला लिपी येत नव्हती त्यानं अक्षरांचं चित्र काढलंय.

गिन्या दोन्ही 1918 च्या. पुढं पंचम जॉर्ज, मागं घोड्यावर बसून तलवारीनं सर्प मारणारा वीर. तारखेच्या वरच्या जमिनीवर बारीक आय अक्षर आहे. इंडियाचा आय. लढाईमुळं विलायतेहून नाणी आणायची पंचाईत झाली तेव्हा मुंबईच्या टांकसाळीत त्या एकाच साली ह्या पाडल्या. गिनी पावणेआठ ते आठ ग्रॅमच्या मधी, नीट सांगायचं तर 7.98, आणि बावीस कॅरेट. तांबं असल्यानं रंग जरा लालसर आणि अंगानं कडक.

नाण्यांची निगा म्हणजे खरं तर काही न करणं. आपल्याकडं सोनं दिसलं की घासायचा सोस फार. चिंच लावतील, लिंबू लावतील, दंतमंजन लावतील. सोनाराकडं उजळ्याला दिलं तर थोडं सोनं तिथंच राहतं. सोनाराच्या दुकानापुढची माती झारेकरी उगाच गोळा करत नाहीत. दरसाल लक्ष्मीपूजनाला वाहिलेलं हळद-कुंकू आमच्या पुतळ्यांच्या रेघांत घट्ट बसलं होतं. मी कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून पुतळ्या भिजत ठेवल्या, पाणी तीनदा बदललं आणि मऊ धडुत्यानं नुसत्या टिपून घेतल्या. काटा नाही, काडी नाही, दात घासायचा ब्रश तर अजिबात नाही. सोनाराचा गुलाबी कागद ओला झाला की रंग सोडतो, म्हणून तो काढला. वास मारणारी मऊ प्लास्टिकची पाकिटं पण नकोत, ती कालांतरानं चिकटतात. साध्या पांढऱ्या कागदाच्या पुड्या कराव्यात. आणि देवघरात पाऱ्याचं शिवलिंग असेल तर सोनं त्याच्या शेजारी कधी ठेवू नये, पारा सोन्याला खातो आणि नाणं पांढरं पडतं.

हे सगळं करताना मला पुतळ्यांच्या काठावर ते सपाट डाग दिसले. झिजून गुळगुळीत झालेला काठ गोल असतो. हे तसे नव्हते. तांदळाच्या कणीएवढे चपटे, आणि भिंगातनं त्यात एकाच दिशेनं गेलेल्या बारीक रेघा. मी आईला विचारलं. ती काठावरनं नख फिरवत म्हणाली, “कस लावलाय त्यो. गहाण ठिवताना सोनार दगडावर वढायचा.”

गहाण! ती माळ किती येळा गहाण गेली होती हे आम्हा पोरांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. अकरा पुतळ्यांवर मिळून सतरा कस मी मोजले. आईनं त्यांतले बरेच ओळखीचे करून दिले. हा बैल मेला तेव्हाचा. हे दोन आबांच्या दवाखान्याचे. हा तुझ्या दहावीच्या फीला आणि पुस्तकांना, जूनमधी ठेवली आणि सुगीला सोडवली. एका पुतळीवर तर संताच्या छातीवर छिन्नीचा आडवा घाव आहे. एका सोनारानं आत तांबं आहे का बघायला आईच्या देखत मारला. आत सोनंच होतं. आई म्हणाली, त्या दिवशी आबा घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

आई गेल्यावर दिवस झाले, पाहुणे गेले आणि आम्ही तिघं सोप्यात बसलो. आक्का थोरली, मग मी, मग बापू. तीन वाटे आणि अकरा पुतळ्या, जमत नाही. बापूनं सरळ तोड काढली. “दादा, नाणं म्हंजी काय, सोन्याचा तुकडा. मुशीत टाकतो, टाकणखार मारतो, तीन सारख्या लगडी करून देतो. गुंजेचा फरक निघाला तर माझ्याकडनं घे.” त्याचं काही चुकत नव्हतं. जन्मभर त्यानं लोकांच्या घरातली मंगळसूत्रं आणि पाटल्या वितळताना बघितल्यात. प्रत्येक दागिन्याची कथा ऐकत बसला असता तर भट्टी पेटली नसती. शिवाय त्याच्या पोराला तिकडं नवं दुकान घालायचं होतं.

मी म्हणालो, वितळायच्या आधी एकदा ह्या बघून घ्या. तेवढ्यात आक्का बोलली. “रानाच्या हक्कसोडीवर माझा अंगठा घेतलासा. तवा मला कुणी इचारलं न्हाई. आता सोन्यात तरी इचारा.”

सोप्यात चिडीचूप झालं. खरं होतं ते. आमच्याकडं रान भावांचं आणि बहिणीला साडीचोळी, असंच चालत आलंय. कायद्यानं आईच्या मागं मुलगा-मुलगी सारखेच वाटेकरी, पण तलाठी कचेरीत त्या दिवशी आबांच्या हयातीतल्या माणसांनी तिला पुढं बसवलं आणि तिनं अंगठा उठवला. मी म्हणालो, आक्का, आधी तू उचल.

मी तेरा पुड्या मांडल्या. प्रत्येकीवर शिसपेन्सिलीनं वजन लिहिलेलं, कस किती ते लिहिलेलं. ज्या चार व्हेनिसच्या आहेत त्या वेगळ्या ठेवल्या आणि हेही सांगितलं की कडी डाग देऊन बसवलेलं नाणं जमवणारे लोक सोन्याच्या भावापेक्षा फारसं जास्त देऊन घेत नाहीत, पुण्यात विचारून आलोय. सात देशी पुतळ्यांचं सोनं किती चोख, ते दगडावर न घासता बघायची एक रीत आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, आकडा शून्यावर आणायचा आणि पुतळी दोऱ्यानं पाण्यात लोंबती सोडायची, तळाला टेकू द्यायची नाही. जो आकडा येईल त्यानं पुतळीच्या वजनाला भागायचं. साडेतीन ग्रॅमच्या व्हेनिसच्या पुतळीला अठरा शतांश आले, म्हणजे एकोणीसपट. चोख सोनं पाण्याच्या एकोणीसपटीला थोडं वरच असतं. देशी पुतळ्यांचं सोळापटीच्या आसपास आलं. बापू हसला. “पाण्यात सोनं मोजतोस व्हय? भट्टी दावंल ते खरं.”

आक्कानं दोन्ही गिन्या उचलल्या. मला वाटलं होतं ती आईच्या गळ्यातलं काही घेईल. ती म्हणाली, “नातीला नर्सिंगला घालायचीय. गिनी कुठंबी मोडती, कुणी घाव घालून बघत न्हाई.” मग जरा थांबून तिनं छिन्नीच्या घावाची पुतळी पण घेतली आणि पदराच्या गाठीत बांधली. बापूनं उरलेल्या सहा देशी घेतल्या. माझ्याकडं व्हेनिसच्या चार आल्या. वजनात मला कमी आलं, त्यावरनं घरात थोडी कुरकुर झाली, पण रान आमच्याकडं होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

भिंगामुळं आता आसपासचे लोक माझ्याकडं नाणी घेऊन येतात. बहुतेक चांदीचे रुपये असतात. कधी कुणी रस्त्यावरच्या माणसाकडनं “नांगराला हंडा लागला” म्हणून घेतलेली पिवळी चकती आणतो. काट्यावर ठेवली की पितळ उघडं पडतं. खरंच रानात काही सापडलं, तर दहा रुपयांच्या वरच्या धनाची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते, 1878 पासूनचा कायदा आहे. ते सांगितलं की माणूस चहा न घेताच जातो.

बापूचा महिन्याभरानं फोन आला. सहाच्या सहा मुशीत गेल्या होत्या. “दादा, विसाला थोडं कमी निघालं. पाच सारख्या होत्या, एकीत तांबं लै. तुझं पाणी जवळ आलं होतं.” मी कुठली एक ते विचारलं. त्यानं टाकायच्या आधी एकेकीचं वजन करून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं. मी कपाटातनं त्या सहा रिकाम्या पुड्या काढल्या, चोवीस गुंजांची होती तिच्यावर तांबं जास्त असं लिहिलं, बाकीच्यांवर कॅरेट लिहिलं, आणि आपल्या चारांच्या डब्यात त्याही ठेवून दिल्या.