ट्रॅव्हल आणि ट्रॅव्हेल

मैत्रिणींनो, इंग्रजीत दोन शब्द आहेत, अगदी सख्ख्या बहिणींसारखे. ट्रॅव्हल म्हणजे प्रवास आणि ट्रॅव्हेल म्हणजे हालअपेष्टा. बाळंतपणाच्या कळांनाही हाच दुसरा शब्द. लांबच्या, खडतर प्रवासाबद्दल लिहिताना इंग्रज मंडळी ही जोडी मुद्दाम शेजारी शेजारी बसवतात. दोघींचे मूळ एकच. लॅटिनमधल्या तीन खांबांच्या छळयंत्राच्या नावावरून हे शब्द आले, असे भाषेचे जाणकार सांगतात. पूर्वी घराबाहेर पडणे म्हणजे छळच होता की!

आता ही जोडी महाड-पोलादपूरला लावून पाहा. पोलादपूरहून महाबळेश्वरला जायचे तर आंबेनळी घाट, खेडला जायचे तर कशेडी आणि महाडहून भोरला जायचे तर वरंधा. कोकण रेल्वे आली खरी, पण दोन्ही गावांना बगल देऊन गेली. महाडकरांना गाडीसाठी वीर स्टेशन गाठावे लागते. त्यामुळे माहेर असो की दवाखाना, भिस्त सारी रस्त्यावर. आणि पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा काय? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. २०१८ च्या जुलैत आंबेनळीत सहलीची बस दरीत कोसळली.

चांगलेही झाले आहे. कशेडीचा बोगदा २०२३ साली गणपतीच्या तोंडावर एका बाजूने सुरू झाला आणि घाटाची ती वळणे टळली. पण गाडीरस्ता संपल्यावर डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथल्या बाईचे काय? तिच्या बाबतीत ते दोन्ही शब्द एकाच रात्री गाठ पडतात. पोटात कळा, बाहेर पाऊस आणि डोलीतून उतरायची निसरडी पायवाट!

याच तालुक्यातल्या रायगडावर हिरकणीची कथा सांगतात. दरवाजे बंद झाले, तेव्हा तान्ह्या बाळासाठी ती अंधारात कडा उतरली. एसटीने आपल्या निमआराम गाडीला तिचेच नाव दिले. कौतुक करावे तेवढे थोडेच. पण आईने कडा उतरावा, अशी वेळच का यावी?

म्हणून सांगते, तुमच्या ओळखीत, नात्यात किंवा घरी कामाला येणाऱ्या बाईच्या वाडीत कोणाचे दिवस पावसाळ्यात भरत असतील, तर वाट पाहू नका. तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच तिला तालुक्याच्या गावी आणा. तुमच्या घरात एक खोली, निदान एक कोपरा मोकळा करा. तपासणीचे कागद, बाळाची दुपटी आणि थोडे पैसे एका पिशवीत तयार ठेवा. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा. गाडी कुठपर्यंत येऊ शकते आणि तिथवर डोली धरायला चौघे कोण, हेही आधीच ठरवून ठेवा.

घाट काही आपण सपाट करू शकत नाही. पण कळा सोसणारीला त्याच रात्री प्रवासही सोसावा लागू नये, एवढे आपल्या हाती नक्कीच आहे.