मधली भिंत

आंजीसारख्या गावातून मुंबईला शिकायला गेलेल्या मुलाला पहिले काही महिने स्वतःच्या बोलीचीच लाज वाटत राहते. माझेही तसेच झाले. 'काऊन' हा शब्द जिभेच्या टोकाशी आला की मी तो गिळून 'का' म्हणत असे. वसतिगृहातल्या माझ्या खोलीसोबत्याला ही अडचण नव्हती. तो अलिबागकडचा. आडनावाच्या शेवटी 'कर', बोलण्यात तिकडचा हेल, ताटात मासे. पहिल्या शनिवारी मी त्याला म्हटले, "चल, कपडे धुऊन टाकू." तो म्हणाला, "आज नाही. उद्या." पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या वेळी मी चिडलो, तेव्हा त्याने हसत सांगितले, "अरे, आम्ही ज्यू आहोत. बेने इस्राएल." मराठी घेऊन एम.ए. करणाऱ्या मला, २००३ साली, हा शब्द ठाऊक नव्हता. आजही माझ्या वर्गात विचारले तर साठांपैकी दोघांना तो ठाऊक असतो, आणि ते दोघेही चुकीचे सांगतात.

त्या दिवाळीत मी गावी न जाता त्याच्याबरोबर त्याच्या आजीकडे गेलो. आजींचे मराठी ऐकून मी थक्क झालो. आमच्या विभागातल्या प्राध्यापकांनाही हेवा वाटावा असे ते नितळ होते, आणि मध्येच एखादा हिब्रू शब्द येई तो जणू कोकणातच रुजल्यासारखा. त्यांनी आम्हांला मलिद्याचे ताट दिले : भिजवलेले गोड पोहे, खोबरे, वर फळे. मग सांगू लागल्या, "बाळा, आम्ही मूळचे तेली. शनवारी घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलो, तेव्हापासूनचे इथले." मी विचारले, "आजी, तुम्हांला गावात कोणी परके मानीत नसत?" त्या म्हणाल्या, "गावाने नाही मानले. मानले ते आमच्याच लोकांनी. मुंबईत बगदादी होते ना, ते प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत आमच्या माणसाला धरायचे नाहीत. कबरस्तानातसुद्धा मध्ये भिंत घाला म्हणाले."

त्यावर मी काही बोललो नाही. आमच्या भागातल्या गावांत मसणवटा वेगवेगळा असतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. त्याला भिंतही लागत नाही, एक बाभूळ किंवा एक ओढा पुरतो. आणि मी ज्या घरात जन्मलो ते त्या ओढ्याच्या सोयीच्या बाजूला होते. आजींना हे सांगण्याचे धैर्य माझ्याजवळ नव्हते. त्या दिवसापासून मात्र या दोन समाजांची गोष्ट माझ्या मागे लागली.

दोन्ही समाज ज्यू, दोन्ही बाहेरून आलेले, दोन्ही अखेर मुंबईत एकत्र आले. पण पोचले कुठे, हे पाहिले तर मन चक्रावते. बेने इस्राएल नेमके केव्हा आले, हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही; २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्या वंशात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही अंश ठळकपणे आढळले, एवढे नक्की. कित्येक शतके ते कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत घाणे चालवीत आणि शेती करीत राहिले. अठराव्या शतकात ते मुंबईकडे सरकू लागले, आणि १७९६ साली सॅम्युअल दिवेकर यांनी तिथले पहिले सिनेगॉग बांधले. हे दिवेकर कंपनीच्या फौजेतले. मशीद बंदर हे नाव त्या सिनेगॉगवरूनच पडले, असे सांगतात.

बगदादींची गोष्ट याच्या उलट टोकाची. 'बगदादी' हे नाव सैल अर्थाने घ्यावे लागते. त्यांत बगदाद-बसऱ्याचे होते तसे सिरियातल्या अलेप्पोचेही होते. बगदादच्या सत्ताधीशांचा जाच चुकवून डेव्हिड ससून १८३०च्या दशकाच्या आरंभी मुंबईत आले. हा माणूस निर्वासित खरा, पण रिकाम्या हाताने आलेला नव्हे. त्यांचे वडील बगदादच्या पाशांचे खजिनदार होते. इराणी आखातापासून पुढे जागोजागी ओळखीचे व्यापारी होते, आणि ज्याच्या हुंडीवर विश्वास ठेवावा असे नाव होते. अफू चीनकडे, कापूस इंग्लंडकडे, असा व्यवहार वाढत गेला. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा सही हिब्रूत केली. मुलांनी मात्र बापाचा बगदादी झगा उतरवून इंग्रजी कोट चढवला. पुण्याचे ससून रुग्णालय, लाल देऊळ, मुंबईतले ससून ग्रंथालय आणि १८७५ साली बांधलेला ससून डॉक, ही सारी याच घराण्याची देणी. १८६४ साली मरण पावलेल्या डेव्हिड ससूनची समाधी लाल देवळाच्या आवारात आहे. वडिलांना तपासणीसाठी पुण्याला नेले होते, तेव्हा वेळ काढून मी ती बाहेरून पाहून आलो.

वडील रिक्षातच बसून होते. म्हणाले, "कोणाचं मंदिर हाय हे?" मी म्हटले, "बाबा, कापसाच्या शेठचं." ते म्हणाले, "मंग आपलंच म्हना की."

वडिलांनी सहज काढलेले ते शब्द मी पुष्कळ दिवस मनात घोळवले. आमचा वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरातून वेगळा काढला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, ती हीच वर्षे. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैशाचा अक्षरशः पाऊस पडला, आणि हिंगणघाटी कापसाचे नाव लिव्हरपूलच्या बाजारात घेतले जाऊ लागले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि कापूस बंड्यांतून उतरून थेट गाड्यांत चढू लागला. युद्ध संपताच भाव कोसळले, मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. ससून तरले, कारण त्यांचे पाय एकाच बाजारात रुतलेले नव्हते. आमच्या आंजीच्या काळ्या रानातली एखादी बोंडफळ त्या लाल विटांत गेली असेल किंवा नसेल. पण भाव तेव्हाही दूरच्या कुणाच्या तरी हाती होता आणि आजही आहे. वर्ध्याच्या बाजारात कापसाची गाडी उभी करून अडत्याच्या तोंडाकडे पाहणाऱ्याला हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

एवढे वाचून झाल्यावर कुणालाही वाटेल, की धनाढ्य बगदादी आणि गरीब बेने इस्राएल, अशी ही सरळ तुलना आहे. मलाही काही वर्षे तसेच वाटत होते. ते खरे नाही. बगदादींत ससून, कदूरी अशी मोजकी घराणी वर होती. भायखळा-नागपाड्याच्या चाळींतले कितीतरी बगदादी त्यांच्याच धर्मादायावर जगत. एका घराण्याच्या वैभवावरून साऱ्या समाजाचे माप काढण्याची आपल्याला वाईट खोड आहे. इकडे बेने इस्राएलांनी शाळा आणि नोकरी यांची वाट धरली : पलटणीतले सुभेदार, रेल्वेतले कारकून, सुतार, मिस्त्री, परिचारिका, शिक्षिका. १८७५ साली हाइम सॅम्युअल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली इस्राएलाइट स्कूल ही त्या वाटेवरची मोठी खूण. पुढे रिबेका रूबेन यांनी मुख्याध्यापिका म्हणून ती नावारूपाला आणली. नंतर तिला एली कदूरी या बगदादी धनिकाचे नाव मिळाले, कारण देणगी त्यांची होती. ज्यांच्या समाजाने दहांत धरले नाही, त्यांच्याच पैशाने शाळा उभी राहिली! देणारा हात आणि दूर सारणारा हात एकाच समाजाचा असू शकतो, हे आपल्या इतिहासाला नवे नाही. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल होते. महालक्ष्मीजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे, आणि रोज त्यावरून जाणाऱ्यांना ते कुणी इंग्रज साहेब वाटतात.

भिंतीकडे परत येतो. १८३६ साली, म्हणजे मुंबईत पुरते स्थिरावण्याच्या आतच, बगदादींच्या पुढाऱ्यांनी दफनभूमीत भिंत घालून आपला भाग वेगळा करावा असा अर्ज सरकारकडे केला. अर्जदारांत डेव्हिड ससून होते. बेने इस्राएलांच्या चालीरीती धर्माला धरून नाहीत, त्यांचे रक्त मिसळलेले आहे, असा एकंदर सूर. जवळपास शंभर वर्षांनी, १९३५ साली, रंगूनच्या सिनेगॉगमधल्या हक्कांवरून दोघे न्यायालयात उभे राहिले आणि निकाल बेने इस्राएलांच्या बाजूने लागला. नव्याने आलेल्या परक्याला राज्यकर्त्याच्या जवळ जायचे असते, आणि त्यासाठी सर्वांत आधी आपल्यासारख्याच दिसणाऱ्या, पण 'देशी' झालेल्या माणसापासून अंतर राखावे लागते. बगदादींना युरोपीयांत गणले जायचे होते. बेने इस्राएलांच्या बायका मंगळसूत्र घालीत, पुरुष मराठीत कीर्तन करीत. ते फारच इथले झाले होते.

पण आजींच्या घरून परतताना गाडीत मित्राने मला एक गोष्ट सांगितली, ती मी कधी विसरलो नाही. "आजी सांगत नाही," तो म्हणाला, "पण आमच्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल होते. काळ्यांशी आम्ही लग्न करीत नव्हतो. भांडीसुद्धा वेगळी." खिडकीबाहेर पाहत त्याने हे सांगितले. ओढ्याची गोष्ट मी तेव्हा त्याला सांगितली. तो म्हणाला, "मग आपण दोघे खरे मराठी." मला हसू आले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याने दोन समाजांची तुलना करायची तर त्यांचे कवी पाहावेत. पहिल्या महायुद्धाच्या खंदकांतून कविता लिहिणारे सिगफ्रीड ससून हे डेव्हिड ससूनचे पणतू. त्यांच्या वडिलांनी धर्माबाहेर लग्न केले म्हणून घराण्याने त्यांना तोडले. तीन पिढ्यांत बगदादची अरबी, मुंबईची हिंदुस्थानी, सारे मागे पडून निखळ इंग्रज कवी तयार झाला. दुसरीकडे निसीम इझिकेल, बेने इस्राएल, मुंबईतच जन्मले, मुंबईतच २००४ साली वारले. तेही इंग्रजीतच लिहीत. पण वृंदा नाबर यांच्यासमवेत इंदिरा संतांच्या कविता त्यांनी इंग्रजीत नेल्या. एकाला भाषा बदलताना गाव सोडावे लागले, दुसऱ्याने भाषा बदलून गाव सोडले नाही. सिनेमातही पाहा : सुलोचना म्हणून गाजलेल्या रुबी मायर्स आणि नादिरा बगदादी, तर 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, डेव्हिड अब्राहम चेऊलकर, हे बेने इस्राएल. नायिका तिकडच्या आणि चाचा इकडचे, हेही एक प्रकारचे फलित म्हणावे का, कोण जाणे.

माझ्या वर्ध्यातही या प्रश्नाचे एक रूप आहे. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात १८८९ साली जन्मलेले जमनालाल बजाज लहानपणी वर्ध्याच्या बच्छराज शेठजींकडे दत्तक आले. ते परके व्यापारी घराण्यातले, कापसाशी नाते असलेले. आणि १९२८ साली घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले करणारेही तेच. म्हणजे पैसा आला की भिंत उभी राहतेच, असा नियम करता येत नाही. तसेच, गरिबीत राहिले म्हणून मन मोठे राहिले, असाही नाही. निर्गमने आणि निष्कर्ष यांचा मेळ बसवणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना मी नेहमी भीतभीतच वाचतो. त्यांच्या तक्त्यांत मित्राची आजी कुठल्या रकान्यात बसेल, ते मला सांगता येत नाही.

१९४७-४८ नंतर दोन्ही समाज इथून उठले. बगदादी बहुतेक इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेकडे गेले. मुंबईत आज अगदी मोजके उरले असतील. बेने इस्राएल मुख्यतः इस्राएलला गेले. वाळवंटातल्या नव्या वसाहतींत, बीरशेबा, दिमोना अशा ठिकाणी, त्यांना वसवण्यात आले. सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या वागणुकीला कंटाळून काहींनी धरणे धरले, काही परतही आले. मग जुनी भिंत तिथेही उभी राहिली : त्यांच्याशी लग्न लावण्यापूर्वी वंशाची चौकशी करावी असा आदेश मुख्य धर्मपीठाने काढला. त्याविरुद्ध ते रस्त्यावर उतरले, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे ठणकावले. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही काढले.

माझा मित्र २००६ साली तिकडे गेला. अश्दोदला एका कारखान्यात काम करतो, बरे चालले आहे. आजी गेल्या तेव्हा त्याला येता आले नाही. मागच्या डिसेंबरात अलिबागला एका चर्चासत्रासाठी गेलो होतो, तेव्हा त्याने सांगितल्यावरून कबर शोधून काढली. गवत गुडघाभर होते. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. मी फोनवर छायाचित्र पाठवले, आणि लगेच त्याचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी त्याची मुलगी होती, दहा-अकरा वर्षांची. वरच्या ओळी तिने घडाघडा वाचल्या. खालच्या तिला येईनात. त्याने म्हटले, "तू वाच रे, तिला ऐकू दे." मी वाचू लागलो. आजींचे नाव, गाव, तारीख. तिसऱ्या ओळीत एक अक्षर झिजले होते; मी अडखळलो, तेव्हा त्यानेच तिकडून ते सांगितले.