३०० अंश

४ मार्च
भट्टीत लेझर-संलयनाच्या १२ कॅप्सूल. व्यास दोन मिलिमीटर. आत पॉलि-अल्फा-मिथिलस्टायरिनचा पोकळ साचा, वरून ग्लो डिस्चार्ज पॉलिमरचा थर. नायट्रोजन सोडला. ३०० अंशांना साच्याचा वायू होतो आणि भिंतीतूनच झिरपून निघून जातो. कुठे भोक पाडावं लागत नाही. अजून नवल वाटतं.

५ मार्च
चार फुटल्या.

६ मार्च
सूक्ष्मदर्शकाखाली दिवसभर. एका बाजूला फुगवटा, त्याच्या टोकाला चीर, चिरेच्या कडा बाहेर वळलेल्या. म्हणजे आतून दाब आला. रॅम्प, म्हणजे तापमान चढवण्याचा वेग, मी वाढवला होता, शुक्रवारच्या आत संपवायच्या घाईत. साचा भराभर तुटला, वायूला झिरपायला वेळ मिळाला नाही, मऊ पडलेली भिंत फुगली. थर चढवायला कित्येक दिवस गेले होते. ते गेले.

७ मार्च
झोप नाही.

१० मार्च
उरलेल्या आठ कॅप्सूल बाजूला ठेवल्या, वापरणार नाही. आज नव्या आठ. रॅम्प अगदी हळू. रात्रभर चढू दे.

१२ मार्च
आठही अखंड! व्हॅक्यूमच्या चिमट्याने उचलताना हात थरथरत होता. फिकट पिवळा रंग मधाकडे झुकलाय. वस्तुमान घटलं, व्यासही. किती आकसणार ते धरूनच पुढच्या वेळी थर चढवायला हवा. गोलाई टिकली, हे महत्त्वाचं. लेझरने चिरडताना पृष्ठभागावरचा बारीकसा उंचवटाही वाढत जातो आणि इंधनात घुसतो.

१४ मार्च
नवीन मुलीने विचारलं, ५ डिसेंबर २०२२ ला लिव्हरमोरमध्ये लेझरचे २.०५ मेगाजूल देऊन संलयनातून ३.१५ मिळाले, ती कॅप्सूल तर हिऱ्याची होती. मग प्लास्टिक कशाला? प्रश्न रास्त. तिला म्हटलं, रॉचेस्टरच्या ओमेगा लेझरवर प्लास्टिकच्या कॅप्सूल वापरतात. पण उत्तर अपुरं वाटलं. संध्याकाळी तिला भट्टीपाशी नेलं, तापमानाचा आलेख दाखवला. बराच वेळ बघत बसली.

१७ मार्च
एक ट्रे खिडकीजवळ राहिला. क्ष-किरणांच्या मापनात ऑक्सिजन वाढलेला. हवा आणि उजेड, दोन्ही या पॉलिमरला बाधतात. ट्रे माझ्याच हातून राहिला.

१८ मार्च
सगळ्या कॅप्सूल अंधारात, नायट्रोजनखाली.

२० मार्च
पाच रवाना. भट्टीच्या दारावर चिठ्ठी लावली: रॅम्प बदलू नका. घाई असेल तर उद्या या.