उघड्या पाकिटातली

पोस्टाने निघालेल्या लग्नपत्रिकेचं तोंड कधी चिकटवलेलं नसायचं. पाकिटाची वरची घडी नुसती आत खोचायची, डिंक लावायचा नाही, आणि कोपऱ्यात ठळक अक्षरांत लिहायचं, ‘बुक पोस्ट’. पोस्टातल्या कुणीही ती उघडून पाहावी आणि आत पत्रबित्र नाही, निव्वळ छापील मजकूर आहे, याची खात्री करून घ्यावी. या उघडेपणाबद्दल तिला तिकिटात सवलत. म्हणजे अंगावर सोनेरी शाई, कपाळावर कुलस्वामिनी, कोपऱ्यांना हळदकुंकू, आणि प्रवास मासिकं, सूचीपत्रं नि वार्षिक सभेच्या नोटिशींच्या संगतीने. शालू नेसून तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसलेली एखादी आत्याच म्हणा ना.

अशा बाईच्या पोटात काय राहणार? मुलगा कुठल्या बँकेत, मुलगी कितवी कन्या, कार्य कुठल्या कार्यालयात, जेवण मुहूर्ताच्या आधी की नंतर, सगळं ती वाटेत भेटेल त्याला सांगत यायची. पोस्टमनकाका पेटीत काही टाकून जात नसत. ‘लग्न निघालं हो तुमच्या पुतण्याचं’ असं दारातूनच सांगत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. उलट बरंच वाटे, कारण दारात काका उभे असले की आधी नजर जायची ती तार तर नाही ना, इकडे. हळदीचा कोपरा दिसला की घरातली बाई निर्धास्तपणे हात पदराला पुसायची.

बुकपोस्टाचे नियम मात्र कडक. शुभेच्छापत्रावर शिष्टाचार म्हणून हाताने पाच शब्द लिहायची मुभा असे. त्यापलीकडे गेलात की तुमचं ते पत्र झालं, आणि मग पत्राचा पुरा दर. पाच शब्दांत मराठी माणसाची नमस्काराची नांदीसुद्धा संपत नाही. तरी लोकांनी पत्रिकेवरही ते जमवलं. ‘सहकुटुंब दोन दिवस आधी या’ हे पाच शब्द. पोस्टानेही हरकत घेऊ नये आणि पाहुण्याला मानही वाटावा, असे. पण घरातल्या मोठ्या बाईला तेवढ्यात समाधान कुठलं! ‘येताना मोठं पातेलं आणा’ हे ती पत्रिकेच्या आतल्या घडीत, शिसपेन्सिलीने बारीक लिहायचीच. कायद्याने पाहिलं तर ही सरकारची फसवणूक. मला विचाराल तर पत्रिकेत वाचण्यासारखं तेवढंच असायचं.

बाकी तिचा सगळा मजकूर ठरलेला. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत. त्यातली एक ओळ मात्र खास पोस्टातल्या पत्रिकेसाठीच जन्मली असावी: कार्यबाहुल्यामुळे समक्ष येणे न झाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. ही ओळ वाचली की घेणाऱ्याला आपली जागा कळायची. यादी करतानाच दोन रकाने पाडलेले असत: घरी जाऊन अक्षत द्यायची माणसं आणि पोस्टाची माणसं. पहिली पत्रिका देवाला. पुण्यात असाल तर कसबा गणपतीला. मग मामा, मग विहिणीकडचे, मग गल्ली. अंतर मोजायला किलोमीटर लागतच नसत. सोलापूरच्या मावशीकडे रात्रीच्या गाडीने माणूस जायचा आणि दोन गल्ल्या पलीकडच्या चुलत्याच्या दारात पोस्टमन. चुलत्याला ते बरोबर समजायचं.

पोस्टाच्या रकान्याचं काम एकदा बसून उरकायचं. अक्षर चांगलं असलेला भाचा पत्ते घालणार, धाकटी मंडळी हळदकुंकवाची बोटं टेकवणार, एकजण ओल्या बोळ्यावर तिकिटं फिरवून चिकटवणार. नाशिकरोडच्या छापखान्यातून निघालेल्या त्या तिकिटांवरचा राष्ट्रपुरुष या गर्दीत बहुधा थोडा तिरका बसायचा. पत्त्यांची वही जुनी. तीत कुणी बदलून गेलेलं, कुणी देवाघरी गेलेलं. ‘मु. पो.’ एकत्र लिहायचं की गावाला पोस्टच नाही म्हणून दोन्ही वेगळं, यावर वाद व्हायचा. त्यात आपल्याकडे वडगावं किती! तालुका चुकला की पत्रिका भलत्याच वडगावात वऱ्हाड जमवायची. हे घोळ आवरायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे पोस्टखात्यातले मराठी अधिकारी होते. सहा आकड्यांत अख्खा देश बसवणं हे वृत्तात बसवण्यापेक्षा फार वेगळं नसावं. पत्त्यांच्या वह्यांनी मात्र ते आकडे मनावर घ्यायला बरीच वर्षं लावली.

पुढे पत्रिका जाड झाली. मखमली गणपती, आत तीन पानं, गोंडा. तोंडही चिकटवून घेऊ लागली, म्हणजे पत्राचा दर आला. तो बरीच वर्षं पहिल्या २० ग्रॅमला ५ रुपये आणि पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५ असा होता. गोंडा एवढासा, पण तो टप्पा ओलांडायचा. यजमानांनी काट्यावर न तोलता एकच तिकीट लावून टाकलं की ती ‘नॉटपेड’ व्हायची, आणि कमी पडलेल्याच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याने भरायचे. आमंत्रण सोडवून घ्यायला दारात सुटे पैसे शोधणारा पाहुणा पुढे अगत्याने काय येणार? आता पीडीएफ येते. तिला वजन नाही, दंडही नाही.

जे येऊ शकत नसत ते उत्तरादाखल तार करत. शुभेच्छांच्या तारेत वाक्यांना नंबर होते. तारबाबूला ‘आठ’ म्हटलं की दीर्घ आणि सुखी वैवाहिक आयुष्याची इच्छा मांडवात पोचायची. २०१३च्या जुलैमध्ये तार बंद झाली, आठ नंबरही गेला.

पण पत्रिकेचं खरं कर्तृत्व लग्नानंतरचं. पाकिटावर निघाल्याचा ठप्पा आणि पाठीवर पोचल्याचा. रुसलेल्या आत्येसासूबाई चष्मा लावून तिला खिडकीशी नेत. ‘मुहूर्त वीस तारखेचा, आणि टाकलीय सतराला!’ यजमान म्हणत, पोस्टाने घोळ घातला. मग पाकीट उलटं करायचं. ठप्पा सांगायचा, पोस्टाने दोन दिवसांत इमानाने पोचवली. गोडबोल्या पत्रिकेची ही एवढीच साक्ष, पण तिच्यापुढे यजमानांचं काही चालत नसे. ते पाकीट टाकून दिलं जात नसे. ट्रंकेत, आहेराच्या वहीखाली जायचं. चार-सहा वर्षांनी आत्येसासूबाईंच्या नातीचं लग्न निघायचं, आणि यांच्या घरी पत्रिका टाकली जायची ती मुहूर्ताच्या बरोब्बर तीन दिवस आधी, बुकपोस्टाने.